साखरांबा पाहुण्यांना, गुळांबा सालदारांना

आमच्या प्रकाशा गावातल्या गल्लीत उन्हाळा आला की बायका एकत्र बसून वर्षाचे पापड-कुरडया घालतात. पापड संध्याकाळी उचलून डब्यात भरता येतात; त्या बसण्यात निघालेले किस्से कुठे भरायचे? शेजारच्या जिजीचे एकटीचेच माझ्याकडे इतके साठलेत की बस!

*

जिजीच्या हातचा गुळांबा नामी आणि साखरांबाही नामी. नवीन बदलून आलेल्या गुरुजींनी एकदा विचारलं, दोन्हींत फरक काय? जिजीने सांगितलं, कैरीचा कीस तोच, एक गुळात शिजवायचा, एक साखरेत. गुरुजी म्हणाले, असं ऐकून कळत नाही. जिजीने दोन वाट्या पुढे ठेवल्या. गुरुजींनी दोन्ही चाटूनपुसून साफ केल्या.

"फरक कळना का, गुरुजी?"

"थोडासा. उद्या परत येतो."

*

खरा फरक कळला तो जिजीच्या एकुलत्या लेकीच्या, इंदूच्या लग्नात. तिला ब्राह्मणपुरीच्या मोठ्या शेतकरी घरात दिली. पंगतीत विहीणबाई सहज बोलल्यासारखं बोलल्या, "आमनाकडे गुळांबा सालदार खातस. पाहुणास्ले साखरांबा." सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी.

जिजीचा घास हातातच राहिला. कारण या विहीणबाईंची ख्याती मी आधीच काढून आणून तिला सांगितली होती. थोरल्या सुनेच्या माहेरचे पापड जाड निघाले, तर तिला त्या वर्षी राखीला माहेरी पाठवलंच नव्हतं!

*

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली लेक परत जाताना बरणी घेऊन जाणार, हे ठरलेलं. पण दिवस लढाईचे, साखर कंट्रोलची, कार्डावर मिळेल तेवढीच. जिजीने थंडीपासूनच घरातली साखर बंद केली. तिच्या नवऱ्याच्या, आबांच्या चहात गूळ पडू लागला आणि चहा रोज फाटू लागला. शेवटी आबा सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी कप पुढे केला. एक घोट घेऊन म्हणाले, "तुमना बी फाटेल शे."

फाटणारच. आमची साखर मी जिजीलाच देऊन बसले होते.

*

साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला की मुंग्या चढत नाहीत. एका दुपारी परातीतलं पाणी आटलं. जिजी सुपात साखर पसरून एकेक मुंगी हाकलत बसली. मी म्हटलं, खाऊ दे की थोडी. तर म्हणते, "मुंग्यास्ले कंट्रोल नही का?"

*

तरी साखर कमीच पडली. इंदूचं जाणं उद्यावर आलं. मी कुडावरून डोकावले, तर जिजी चिनी मातीच्या बरणीत चक्क गुळांबा भरत होती. तो गार होऊ दिला, वरून सारखा केला, आणि त्यावर चार बोटं साखरांबा!

मला पाहून दचकली. "कोनले सांगू नको, माय."

मी कशाला सांगू? फक्त इंदूला सांगितलं, चमचा खोल घालू नकोस म्हणून.

*

पुढे राखीपर्यंत जिजीला अन्न गोड लागेना. ब्राह्मणपुरीला कुणी पाहुणा गेल्याचं कानावर आलं की ही बोटं मोजायला बसायची. आता दोनच बोटं उरली असतील, म्हणायची. मग एकच. मग तिने मोजणंच सोडलं.

राखीच्या आदल्या दिवशी बैलगाडी थांबली. इंदू आली, मांडीवर तीच बरणी. रिकामी बरणी परत करायची आमच्याकडे रीत नाही. विहीणबाईंनी ती घासूनपुसून आपल्या हातचा साखरांबा भरून पाठवला होता. जिजीने फडकं सोडलं. वर कसा पिवळाधमक, काचेसारखा. जिजीचे डोळे भरून आले. आबांना वाढायला तिने चमचा घातला, तो जरा खोल गेला.

वर आला तो तपकिरी.

जिजीने माझ्याकडे पाहिलं. मी इंदूकडे. इंदूने पदर तोंडाला लावला.

आबा ताटली पुढे करून वाट बघत होते. "कसा शे विहिणीना?"

जिजीने फडकं पुन्हा घट्ट बांधलं.

"आपलासारखाच शे."