आख्खं सफरचंद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर चौथीच्या बाईंचे. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. दहावीनंतर मला किराणा दुकानात कामाला लावायचं ठरलं, तेव्हा बाई येऊन वडिलांसमोर बसल्या आणि 'हो' म्हणेपर्यंत उठल्याच नाहीत. सिंगापूरला निघताना पाया पडायला गेलो, तर म्हणाल्या, "फोन नको करूस. फोनवर तू 'बरंय बाई' एवढंच म्हणशील. तिथे नवं काही शिकलास की पत्र लिही."

सहा वर्षं झाली तरी मी ते लिहिलं नव्हतं. तांजोंग पगारचं ऑफिस, एमआरटीच्या गाडीने ये-जा, बुकित तिमाहचा फ्लॅट. यात बाईंना सांगण्यासारखं काय, असं वाटायचं. मग बहिणीचा फोन आला. बाईंनी अंथरूण धरलंय, आणि तुझं पत्र आलं का विचारतात.

त्याच आठवड्यात मुलीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली. बालवाडी ज्यू लोकांची. घराजवळ जागा मिळाली म्हणून तिला तिथे घातलं होतं. त्यांचं नवं वर्ष येत होतं, तेव्हा ते सफरचंद मधात बुडवून खातात. प्रत्येक मुलाने एक सफरचंद आणायचं होतं. मी सकाळी ते सोललं, फोडी केल्या, काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यातून काढल्या आणि डबा भरून तिच्यासोबत गेलो.

तिथल्या टीचरनी डबा पाहिला आणि हळूच सांगितलं, बाहेरच्या सुरीने कापलेलं आमच्या खाण्याच्या नियमांत बसत नाही. आख्खं फळ चालतं.

"बाबा, आय टोल्ड यू, होल अ‍ॅपल लाह!" मुलगी इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बाकीची मुलं आपापलं सफरचंद तराजूत घालत होती, पाण्यात तरंगतं का बघत होती. हिचे हात रिकामे.

टीचरनी स्वतःचं सफरचंद तिला दिलं. तिने ते दोन्ही हातांनी नाकाशी नेलं आणि मला आमचा वर्ग आठवला.

आमच्या गावात सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटताना न्यायचं फळ. बाई टायफॉइडमधून उठून शाळेत आल्या, तेव्हा भेटीत आलेलं एक घेऊन आल्या. तोवर आम्ही ते तक्त्यावरच पाहिलेलं. "आधी सगळ्यांच्या हातातून जाऊ दे," म्हणाल्या.

"बाई, हा चाटतोय!"

"चाटू दे. धुऊन कापू."

माझ्या वाट्याला नखाएवढी फोड आली. तो वास मी इथल्या सुपरमार्केटमध्ये अजून शोधतो. सापडत नाही.

मुलीने प्लास्टिकच्या सुरीने सफरचंद आडवं कापलं. आत बियांची चांदणी होती. मी ती कधी पाहिली नव्हती. आपण उभंच कापतो.

ऑफिसला जाण्याआधी मी पोस्टात गेलो.

"तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार. उशीर झाला, रागावू नका. आज नवं शिकलो. सफरचंद आडवं कापलं की आत चांदणी दिसते. तुम्हाला भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणलीच असतील. त्यांना फोडी करू देऊ नका. एक आख्खं मागून घ्या, थोडा वेळ हातात धरा, मग माझ्या बहिणीला आडवं कापायला सांगा. तुम्ही ते बघताना मला तिथे असायचं होतं. दिवाळीत रजा मागतो आहे. तोवर चांदणी दिसली का, ते कुणाकडून तरी लिहून पाठवा. फोन नको.

तुमचा विद्यार्थी."