कमलच्या न्हाणीतला दुसरा नळ

मी लेकीकडे पारगावला होते तेव्हा फोन आला. "कमल गेली." मी विचारलं, "कुठं?" फोनवर आमच्या आळीतली सुलभा होती, आणि साध्या सर्दीला न्यूमोनिया म्हणणाऱ्या या बाईच्या शब्दावर मी का म्हणून विश्वास ठेवावा? मी लेकीला दुसरीकडे फोन लावायला सांगितलं. बातमी खरी होती. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही... मिळेल त्या एस.टी.नं निघाले. अंत्यविधीला सगळी आळी लोटली होती आणि जो तो म्हणत होता, "मनानं लई निर्मळ बाई व्हती." ऐकून माझं डोकंच फिरलं. यातल्या निम्म्या लोकांनी इतकी वर्षं तिला पाणीचोर म्हटलं होतं. माणूस गेल्यावर सगळे एकाएकी गोड बोलायला लागले की मला त्यात हमखास काळंबेरं दिसतं.

कमल माझी समोरची शेजारीण आणि मैत्रीण. माहेर डिंभ्याकडचं. धरणाचं पाणी तिच्या डोळ्यांदेखत वडिलांच्या भातखाचरांवर चढलं आणि कालव्यानं दुसऱ्यांच्या उसाला गेलं. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत तिचा कुणाच्या बापावर विश्वास नव्हता. नवरा दत्तूभाऊ आळेफाट्याला गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात महिलांसाठी जागा राखीव झाल्या, कमल नगरपालिकेत निवडून आली आणि नळजोडणीचे जुनाट नियम बदलण्यासाठी नेमलेल्या समितीवर बसली. लोकांना वाटलं, गप्प बसून चहा पिऊन येईल. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्याकडे पाणी दिवसाआड आणि तेही करंगळीएवढ्या धारेनं यायचं. नळ जितका खाली, तितकी धार मोठी, म्हणून प्रत्येकानं दारापुढं खड्डा खणून त्यात नळ उतरवलेला. शेजाऱ्यानं आणखी खोल खणला की आपण त्याच्याहून खोल खणायचं. बायका पायऱ्या उतरून खाली हंडे भरायच्या आणि डोकं वर काढून समोरचीचे किती भरले ते मोजायच्या. काहींनी तर पाणी ओढायला नळाला थेट मोटरच जोडलेली. वरच्या आळीत मात्र नळाला नुसती हवा यायची. पावसाळ्यात खड्डे गढूळ पाण्यानं भरायचे, नळ बुडायचे, आणि पाणी गेलं की ती घाण पाइपात ओढली जायची. कावीळ घरोघर होती, पण खड्डा बुजवायचं नाव कुणी काढत नव्हतं. कमलनं ते काढलं. खड्डे बुजवा, नळ जमिनीच्या वर हातभर घ्या, मोटर सापडली तर जोडणी तोडा, असं कलम तिनं समितीपुढं मांडलं.

त्या बैठकीला मी प्रेक्षकांत होते. एक सदस्य हसत म्हणाला, "ताई, आदी तुमचाच खड्डा दावा की." कमल उठली. "चला, दावते." अख्खी समिती तिनं दारापुढं आणली आणि सगळ्यांसमक्ष स्वतः घमेल्यानं माती ओढायला लागली. संध्याकाळपर्यंत खड्डा बुजला. मला वाटलं, आता लोकांची तोंडं बंद होतील. कसली बंद होतात! दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात कुजबूज सुरू, "येवढ्या सहज बुजवला म्हंजी आत न्हाणीत चोरून जोडलेला दुसरा नळ आसणार. नवरा मोटारीवाला हाय, राव. पाइप जोडायला त्याला काय लागतंय?" हे इतकं पटण्याजोगं होतं की ज्यांनी ते रचलं त्यांनाही खरं वाटायला लागलं.

कलम मंजूर झालं. खड्डे बुजले, वरच्या आळीत बारीक का होईना पण धार आली. पुढं घरोघर गॅसचे गीझर आले, तेव्हा बंद न्हाणीत गीझर नको, झरोका हवाच, हेही नियमांत घालायला तिनं लावलं, कारण बंद न्हाणीत जीव गुदमरून माणसं दगावल्याचं ती ऐकून होती. त्यावर लोक म्हणाले, हिला दुसऱ्याच्या न्हाणीत डोकावायचंय आणि स्वतःची दाखवत नाही. ते मात्र खरं होतं. कमल आपल्या मागच्या न्हाणीत कुणाला पाऊल टाकू देत नसे. पाहुणी आली तरी हातपाय धुवायला अंगणातली बादली. पुढच्या निवडणुकीत ती सपाटून पडली. प्रचारात तिच्या विरोधात एकच मुद्दा होता, दुसरा नळ.

एकदा शेंगा निवडताना मी सरळ विचारलं, "कमल, दाखवून का टाकत नाहीस? माणसं गप तरी होतील."

तिनं मान वर केली नाही. "तुला काय वाटतं, हाय का आत चोरीचा नळ?"

"नसावा," मी म्हणाले.

"नसावा म्हणलीस. नाय म्हणली न्हाईस." तिनं हातातली शेंग फोडली. "मी चोर नाय, मंगल. चोर नसलेल्या बाईनं घराची झडती का द्यायची?" आणि तिनं विषय बदलला. मला तिचा राग आला. एवढा ताठा कशासाठी, काहीतरी असल्याशिवाय का कुणी एवढं अडून बसतं, असं मनात आलंच. तेव्हाही आलं आणि नंतरही येत राहिलं.

तेरावा झाला, जेवणं उरकली, पाहुणे पानाचा डबा फिरवत बसले होते. दत्तूभाऊ उठला, मागून पहार घेऊन आला आणि न्हाणीचं दार सताड उघडून फरशी फोडायला लागला. लेकानं हात धरला तर झिडकारला. "तिनं जित्तेपणी दावू दिलं न्हाई. आता बगा. समदी या, बगा." आळी जमा झाली. मीही गेले. फरशी उखडली, खालची माती उपसली, भिंतीचा गिलावा खरवडला. आत एकच पाइप होता, बाहेरच्या नळावरून आलेला, नियमाप्रमाणे अर्ध्या इंचाचा. दुसरा काही नव्हता. दत्तूभाऊ पहारीवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला, कुणी तरी काही बोलेल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत.

मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आदीच काढून टाकला आसंल."

दत्तूभाऊनं ते ऐकलं. ती फरशी त्यानं अजून बसवलेली नाही आणि न्हाणीला दारही लावत नाही. मी दोन-चार दिवसांनी चहाला जाते. कमल बसायची ती जागा रिकामी असते, आणि माझी नजर तिथं न जाता आधी त्या उखडलेल्या कोपऱ्यात जाते, पाइप एकच आहे ना ते बघायला.