वन्संनी तपासणीची खूण काढली

आज पूजा आटोपून लिहायला बसले ती वन्संबद्दलच. माझी नणंद, माझ्याहून थोरली, माहेरीच राहिलेली, आणि ऑफिसात 'कॉमाताई' म्हणून ओळखली जाणारी. परभाषेतल्या सिनेमांच्या तळाशी ज्या दोन ओळी येतात, त्या लिहायचं त्यांचं काम. कानाला हेडफोन लावायचा, माणूस काय बोलला ते लिहायचं, मग ते दुसऱ्या भाषेत न्यायचं. आयुष्य त्यात गेल्यामुळे त्यांना माणसं दिसतच नाहीत, दिसतात त्या ओळी. शेजारच्या आजोबांच्या शोकसभेत मुलगा गहिवरून बोलत होता, तर या माझ्या कानात म्हणाल्या, "वाक्य फार लांबवतोय गं. दोन ओळींत कसं बसवायचं?"

विभागप्रमुख व्हायची त्यांची फार इच्छा. ती खुर्ची दर वेळी कोणातरी नव्यालाच मिळायची आणि त्याला काम शिकवायची जबाबदारी वन्संवर यायची. या खेपेला मात्र साहेब म्हणाले, "आता यंत्रच ऐकेल, यंत्रच लिहील, भाषांतरही तेच करील. ही साखळी तुम्ही बसवून द्या. आपल्याला काम द्यायला येणाऱ्या पाहुण्या कंपनीसमोर नीट चालली, की खुर्ची तुमची. नाही चालली, तर बाहेरचा सल्लागार आणतो."

झालं! वन्सं जेवताना साखळी, झोपताना साखळी. मला तर पाठच झाली. संगणकातल्या 'आवक' नावाच्या खणात चित्रफीत टाकायची. यंत्र ती ऐकून लिहितं, मग भाषांतर करतं, मग फाइल तपासणीपाशी थांबते. वन्संनी पाहून खूण केली की 'तयार' खणात रवानगी. पण गेल्या आठवड्यात एका सकाळी साहेबांचा फोन आला. "तपासणी कशाला? माणसाचा हात कुठेच लागता कामा नये. यंत्र चुकत नाही." वन्संनी दात-ओठ खात तपासणीची खूण काढून टाकली.

त्याच दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि फोन ओट्यावर उभा करून कॅमेरा चालू केला. "वहिनी, घरगुती बोलण्यावर चाचणी घ्यायचीय. नळ चालू राहू दे. बोल काहीतरी."

समोर फोन पाहून मला काही सुचेना. मी प्रार्थनाच सुरू केली.

"देवाला नंतर सांग. आधी माझ्याशी बोल."

"बरं. तुमचे साहेब कसे आहेत?"

बस्स, पाट फुटावा तशा त्या सुटल्या. "साहेब? त्यांना यातलं काडीचं कळत नाही! संगणक बंद करायचा तर भिंतीतली वायर उपटतात. आणि मीटिंगमध्ये मान अशी डोलावतात, की यंत्र जणू यांच्याच पोटी जन्मलंय. खुर्चीत फुगा ठेवला असता तरी चाललं असतं, निदान तो गप्प बसला असता."

"असं बोलू नये वन्सं," मी म्हटलं. जीभ आवरली असती तर बरं होतं. "पण घरी आले होते तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं."

दोघी पोट धरून हसलो. वन्संनी ती फीत आवक खणात टाकली आणि चहा घ्यायला बसल्या. काम आपल्या टेबलाशी येऊन थांबतं, ही वर्षानुवर्षांची सवय. थांबवणारी खूण सकाळी स्वतःच्याच हाताने काढलीय, हे डोक्यातून साफ गेलं. फीत थांबली नाही. लिहिली गेली, भाषांतरित झाली आणि रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मोठ्या खोलीत पाहुणे बसलेले. साहेबांनी ऐटीत पडदा लावला आणि सगळ्यात वरची तयार फाइल उघडली. पडद्यावर आमचा ओटा, नळ आणि वन्संचा आवाज. खाली दोन स्वच्छ ओळी, त्यांच्याखाली पाहुण्यांच्या भाषेत त्याच. ओळी फुग्यापर्यंत पोहोचल्या तशा सगळ्यांच्या माना पडद्यावरून साहेबांकडे वळल्या.

साहेब खाकरले. "कॉमाताई, यंत्राने काहीतरी भलतंच ऐकलेलं दिसतंय. हो ना?"

'हो' म्हटलं तर यंत्र नापास, खुर्ची गेली. 'नाही' म्हटलं तर साहेब फुगा. वन्सं सांगतात, तेव्हा त्यांना पहिल्यांदाच देव आठवला. मग उठून म्हणाल्या, "नाही साहेब. अक्षरन् अक्षर बरोबर आहे. नळ चालू असूनसुद्धा."

पाहुण्यांच्या प्रमुख बाईंनी टाळ्याच वाजवल्या. "असला प्रामाणिक नमुना आम्हाला आजवर कोणी दाखवला नव्हता!" साहेबांनी लगेच मान डोलावली. "मुद्दामच असा ठेवला होता," म्हणाले. काम तिथल्या तिथे ठरलं. बाईंनी जाताना एवढंच विचारलं, "तो दुसरा आवाज कोणाचा?" वन्सं म्हणाल्या, "आमच्या घरातल्या देवभोळ्या बाईचा."

साहेबांना शब्द पाळावाच लागला. वन्सं विभागप्रमुख झाल्या. पण त्याच संध्याकाळी साहेबांनी तपासणी पुन्हा साखळीत घातली, आणि तपासनीस म्हणून स्वतःचं नाव लावलं. आता यंत्र क्षणात लिहितं, क्षणात भाषांतर करतं, आणि साहेबांच्या दाराशी ताटकळत बसतं. साहेबांना खूण कुठे करायची ते सापडत नाही, आणि विचारायची लाज वाटते.

वन्संच्या नेमणुकीची घोषणासुद्धा साहेबांनी चित्रफितीतूनच केली, खाली ओळींसकट. तीही तपासणीपाशीच अडकलीय. त्यामुळे ऑफिसात अजून कोणालाच ठाऊक नाही.

"जाऊन दाखवा ना त्यांना खूण," मी म्हटलं.

"विचारू देत की," वन्सं म्हणाल्या, आणि चहाचा दुसरा कप पुढे केला. मी आधी फोन पालथा घातला, मग चहा ओतला.