फलकावरचा फोटो

१२ फेब्रुवारीला विद्यापीठातल्या कैकाडी भाषा मंडळाच्या सभेसाठी मी खुर्च्या मांडत होते. निम्म्या रिकाम्याच राहतात, तरी मांडाव्या लागतात. यंदा मुलांनी हौसेने सगळ्या सभासदांचे फोटो छापून फाटकावर फलक लावला होता.

एका मुलीची आई आली. बसा म्हटले तरी पदराला पीळ देत उभीच राहिली.

"पोरीचा फोटू फाटकावरनं काढा की, मॅडम. राजारामपुरीत खोली घेतलीया. मालकिणीला जात ठावं न्हाय."

"भाषेची लाज वाटते?"

"लाज कशाची? घरात तीच बोलतोय. पर खोली गेली तर पोरगी ऱ्हाणार कुठं, तुमच्या मंडळात?"



एकच फोटो कापला असता, तर सगळ्यांनी कारण विचारले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले यायच्या आधी मी शिडी लावून अख्खा फलक उतरवला.