सुतकात लावलेली रेकॉर्ड

मंडळी, ओठाला टाके घालून औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यातून आत्ताच घरी आलोय. बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

थोरल्या भावाला जाऊन आठवडाही झाला नाही. त्यानं मागवलेली रेकॉर्ड आज पार्सलनं आली. तरुणपणी आम्ही दोघं ऐकायचो तीच विलायती सिंफनी, कंपनीनं नव्यानं काढलेली. अंथरुणावरून रोज विचारायचा, "आली का रं?"

सुतकात गाणं लावू नये, हे मला कळतं. पण यात गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं आहेत. म्हणून त्याच्या फोटोपुढं हळू आवाजात लावली. मधेच नगारे कडाडले.

पुतण्या आतून धावत आला. "काका, माझा बाप मेलाय, अन् तुम्ही बँड लावता व्हय?" त्यानं लाथेनं प्लेअर उडवला, रेकॉर्ड गुडघ्यावर मोडली. मी तुकडे उचलायला वाकलो, तर तोंडावर बुक्की बसली.

आता दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर सगळे विचारतील, कोणती इच्छा राहिली? मला ती माहीत आहे. पण पुतण्यासमोर सांगायची भीती वाटते. तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं का?