आटपाडीच्या ढगानं घातलेला घोळ

"आवं पाव्हणं, ढग कुणीकडं हाईत ते सांगा आदी!"

उंब्रजच्या आमच्या ओसरीवरनं दाजी फोनवर असे ओरडत होते, की फोन नसता तरी आटपाडीला ऐकू गेलं असतं. पलीकडं त्यांचे व्याही होते. दाजींनी फोन ठेवला, माझ्याकडं बघून मान हलवली. आजही निघायचं नाही. सलग तिसरा दिवस.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. ते, मी आणि माझा इस्लामपूरचा शाळासोबती, तिघांनी पाटणच्या वरच्या सड्यांवरनं, म्हणजे कातळाच्या पठारांवरनं, तीन दिवस पायी हिंडायचं ठरवलं होतं. पाठीवर बिऱ्हाड, मुक्काम तंबूत. याला वर्षात एकच फट असते. गणपती गेलेले, पावसाचा जोर ओसरलेला, सडे फुललेले, ओढ्यांना अजून पाणी. पुढं ऊन तापतं, ओढे आटतात आणि साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो. सोबती कारखान्यात फिटर. बॉयलर पेटला की उन्हाळ्यापर्यंत त्याला स्वतःच्या लग्नालासुद्धा रजा मिळाली नसती. सहा वर्षं तो येतो येतो म्हणत होता. यंदा साहेबाच्या मागं लागून पाच दिवसांची रजा काढली, नवी सॅक घेतली आणि दारात हजर झाला. सॅकेत जळवांसाठी दोन किलो मीठ आणि असा जहाल खर्डा, की त्याच्या वासानं आमची मांजरं मसूरला राहायला गेली.

आणि दाजींचं गणित काय? परतीचा पाऊस पूर्वेकडनं येतो. पूर्वेला आटपाडी. आटपाडीत व्याही. म्हणून आटपाडीत ढग दिसला की पाटणच्या डोंगरात पाय ठेवायचा नाही. त्यात हस्त नक्षत्र, वाहन म्हैस. म्हैस कवा कुठं बसंल सांगता येत न्हाई, असं ते मला समजावून सांगायचे.

अरे, आटपाडी म्हणजे ढगाकडं डोळे लावून बसलेला तालुका. तिथं रुमालाएवढा ढग आला तरी माणसं जेवण सोडून अंगणात येतात. व्याही बिचारे आनंदानं एका ढगाचे चार करून सांगत, आणि आमचे सुभेदार इथं बांधलेल्या तंबूची दोरी सोडून ठेवत. इकडं पश्चिमेचे डोंगर इतके लख्ख, की ओसरीवरनं कारवीची पानं मोजावीत!

मी गप्प का बसलो? एक तर जावयाला तोंड वर करून बोलायची आमच्यात रीत नाही. आणि दुसरं, जीप त्यांची होती.

फिटरला रिकामं बसवत नव्हतं म्हणून त्यानं माझ्या घरातल्या सगळ्या बिजागऱ्या घट्ट केल्या, मग शेजाऱ्यांच्या. चौथ्या दिवशी गल्लीत कुरकुरणारं एक दार उरलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यानं सॅक उचलली, माझ्या आईच्या पाया पडला आणि एसटीनं इस्लामपूरला गेला.

सहाव्या दिवशी सकाळी दाजी ओसरीवर आले ते बूट घालूनच. आटपाडीचं आभाळ मोकळं झालं होतं. म्हणाले, चला, जीप काढलीय, फिटरला वाटेत घेऊ. वाटेत! इस्लामपूर दक्षिणेला, पाटण पश्चिमेला.

मग मात्र माझी रीत सुटली. जन्मात पहिल्यांदा जावयावर ओरडलो. म्हटलं, दाजी, आपण पाटण चढणार हुतो का आटपाडी? पाच दिवस त्या माणसाला तुमी माझ्या ओसरीवर वाळत घातला. सरहद्दीवर असं केलं असतं, तर शत्रू चहा पिऊन गेला असता. आतनं बहीण धावत आली, मला दटावायला लागली, तरी मी थांबलो नाही.

दाजी रागावले नाहीत. खांबाला टेकून त्यांनी स्वतःच फिटरला फोन लावला, आवाज मोठा ठेवला आणि सांगितलं, आभाळ मोकळं झालंय गड्या, तयार हो, आमी येतोय.

पलीकडं यंत्रांची घरघर चालली होती.

"दाजी, माझी रजा काल सपली," तो म्हणाला.