अक्काचं लाटणं

फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवून घरी आले होते. आई धुळ्याहून बोलत होती. आई फोनवर कधी हळू बोलत नाही. धुळं ते जळगाव म्हणजे केवढं लांब, ओरडलं नाही तर ऐकू कसं जाणार, असं तिला वाटतं. त्या दिवशी मात्र ती अगदी हळू बोलली. "अक्का गेली गं..." एवढंच. मी मिळेल त्या एसटीत बसले. एरंडोल येईपर्यंत रडले आणि पुढे पारोळ्यापर्यंत मधूनच एकटीच हसलेसुद्धा. शेजारची बाई घाबरून सरकून बसली. काय करणार? अक्का आठवली की नुसतं रडत बसणं जमतच नाही.

धुळ्याच्या देवपुरात आमच्या समोरच्या घरात राहायची ती. ना नात्याची, ना गोत्याची. आवाज असा की तिच्या ओट्यावरून हाक मारली तर गल्लीच्या टोकाची गाय मान वळवायची. पालीला मात्र जाम भ्यायची. पाल दिसली की साडी सावरत थेट आमच्या घरात! सगळ्यांशी बोलणं अहिराणीत, मग समोर डॉक्टर असो की तलाठी.

आमच्या गल्लीत उन्हाळा म्हणजे उडदाचे पापड. आज या घरचे, उद्या त्या घरचे. ज्या घरचे पापड असतील तिथे सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायच्या. बोलावणं लागायचं नाही. पीठ घट्ट, ते तेल लावून बत्त्यानं कुटावं लागतं, आणि ते काम माझ्या थोरल्या भावाचं, प्रकाशदादाचं. दादा आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. पापडाच्या दिवसांत घरी असला की अख्ख्या गल्लीचं पीठ तोच कुटायचा. मजुरी काय, तर तेलात बुडवलेल्या कच्च्या पिठाच्या लाट्या. पोट दुखेपर्यंत खायचा मेला!

एका वर्षी तो आला तो तापानं वाळून. रक्त तपासलं. तेव्हा एड्स हा शब्द आम्ही एसटी स्टँडवरच्या कवटीच्या चित्राखाली वाचला होता, तेवढाच. बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. न्हावी येईना. नळावर आईची बादली दिसली की बाकीच्या बादल्या बाजूला सरकायच्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या बादल्या सरकायच्या. आई तर मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. मला एकच वाटायचं, माझा भाऊ जाणार असेल तर जाऊ दे, पण असा वाळीत पडून नको जायला...

पापडाचे दिवस आले. आपल्याकडे कोण येणार लाटायला, आणि कुणी आलं नाही तर ते रिकामं अंगण दादाला दिसणार, म्हणून आईनं गुपचूप बाजारातून विकतचे पापड आणले. झालं! अक्का साखर मागायला आली आणि तिला ते दिसले. आमच्याकडे घरात मयत झालं की वर्षभर पापड करत नाहीत. ते इतरांनी द्यायचे असतात. अक्का चुलीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय व माय, पोऱ्या जित्ता शे ना तुना? मंग जित्ता माणूसनं सुतक धरी बठनी का तू?"

आईनं हातातला तवा खाली ठेवला. असं काही तिच्या ध्यानीमनीसुद्धा नव्हतं. आतल्या खोलीत दादा जागा होता. त्यानं सगळं ऐकलं. भिंतीला धरत बाहेर आला आणि म्हणाला, "आई, पीठ भिजव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली ती एका हातात पोळपाट-लाटणं आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेलं स्वतःच्या घरचं पीठ घेऊन. आमचं नव्हे, स्वतःच्या घरचं! ते दादापुढे ठेवून आमच्या ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "परकास, दरवरीसले कुटस ना? मंग कुट!"

दादानं बत्ता उचलला. चार घाव घातले, धापा टाकत बसला, पुन्हा उठला. घामानं निथळत होता, पण कितीतरी महिन्यांनी तोंडावर रंग होता. अक्कानं लाटी मागितली. त्यानं तेलात बुडवून आपल्या हातानं दिली आणि तिनं सगळ्यांसमोर ती मचामचा खाल्ली. वर म्हणते, "मीठ कमी शे!" दादा असा हसला, असा हसला की खोकला लागला. दुपारपर्यंत आणखी दोघी लाटणं घेऊन आल्या. बाकीच्या नाही आल्या. नाही तर नाही. त्या दोघींना आई अजून विसरलेली नाही.

दादा पावसाळ्यात गेला. पुढच्या उन्हाळ्यात आमचे पापड अक्कानं दिले. मी एकदा तिला विचारलं, "अक्का, तुला भीती नाही वाटली?" तर फटकन म्हणाली, "वाटनी नही कशी? रातभर जागीच व्हतू. पन तुनी मायनं तोंड देखं, मंग काय करू?" पालीला भिणारी बाई ती... तिचे पांग मी कुठल्या जन्मी फेडू?

दादानं पीठ कुटलं त्या दिवशी जाताना ती लाटणं आमच्याकडेच विसरली. मी द्यायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे तठेच. पुढला वरीसले बी येवानंच शे." टोकाला जळकं, मधे झिजलेलं ते लाटणं आमच्या फळीवरच राहिलं. दादाच्या सुतकाचं वर्ष सोडलं तर दरवर्षी ती रिकाम्या हातानं यायची आणि हक्कानं "मनं लाटनं आन" म्हणायची.

परवा आईकडे पापड होते. तेच लाटणं मी हातात घेतलं. अक्काच्या घरी यंदा पापड होणार नाहीत. पहिली लाटी तेलात बुडवली आणि सवयीनं समोरच्या ओट्याकडे बघितलं. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली, खाल्ली आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे. आधी अक्काच्या घरचा डबा भर, मग आपला."